मटण स्ट्रीटवरून भाऊबीजेला

चोर बाजारात माणूस दोनच कारणांनी जातो, असे आमचे बाबा म्हणत. एक तर घरातली वस्तू हरवली म्हणून, नाही तर घरात नको असलेली वस्तू आणायची हुक्की आली म्हणून. २०२४ च्या भाद्रपदात मी तिथे गेलो तो तिसऱ्याच कारणाने. वस्तू घरचीच होती आणि आवारात जागच्या जागी उभी होती. तिला तडे गेले होते, आणि ते माझ्यामुळे गेले होते.

वस्तू म्हणजे आमची १९६६ सालची फियाट अकराशे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती जन्मली. आज मोटार घ्यायची तर दुकानदार घरी फोन करून सतावतो. त्या काळी नाव नोंदवून चातकासारखी वाट पाहावी लागे, आणि गाडी आली की पेढे वाटले जात. आमच्या दादरच्या बिऱ्हाडातही ते वाटले गेले. बाबांची डॉक्टरकी होती; रात्री-अपरात्री रोग्याकडे जावे लागे. त्यामुळे ही चैन नव्हे, गरज आहे, असे ते आईला दर महिन्याला हप्त्याच्या दिवशी पटवीत.

मी तेव्हा सात वर्षांचा, ताई बारा वर्षांची. आम्हां दोघांना त्या गाडीतले सर्वांत आवडे ते तिचे स्टिअरिंग. मलईच्या रंगाचे, दोन आऱ्यांचे मोठे चाक, आणि त्याच्या दांड्याला बाजूनेच फुटलेला गिअरचा दांडा. बाबा एका हाताने चाक आणि दुसऱ्या हाताने गिअर असे काही लयीत फिरवीत की वाटे, पेटीच वाजवताहेत. पुढे ताई अठरा वर्षांची झाल्यावर बाबांनी तिला भल्या पहाटे शिवाजी पार्कभोवती गाडी शिकवली. ती झकास शिकली. मी मागे बसून दोघांच्या सूचना ऐकत असे. मला मात्र बाबांनी दोन दिवसांत नापास केले आणि सांगितले, "तू आपला बसने जा."

बाबा २०१२ साली गेले. चौदाव्या दिवशी भांडीकुंडी, कपाटे, पुस्तके यांचे बोलणे झाले. ताईने काहीच मागितले नाही. शेवटी ती एवढेच म्हणाली, "गाडी मला चालेल का रे? मी पुण्याला नेईन." आणि मी, ज्याला धड गाडी येत नव्हती असा मी, म्हणून गेलो, "वडिलांची गाडी मुलाकडेच राहायची."

ती काही बोलली नाही. भांडण झाले असते तर बरे झाले असते. भांडण मिटवता तरी येते.

त्यानंतर भाऊबीजेला मला दर वर्षी काही ना काही काम निघू लागले, आणि तिला दर वर्षी पुण्यात पाहुणे येऊ लागले. संध्याकाळी तिचा फोन येई, "चंद्राला ओवाळले रे." भाऊ जवळ नसला की बहिणी चंद्राला ओवाळतात, हे ठाऊक होते, पण भाऊ दादरला आणि बहीण पुण्याला असताना दर वर्षी चंद्राला तसदी द्यावी लागावी, हे काही शोभणारे नव्हते. गाडी एका तपभर आवारात उभी राहिली. वर फाटकी ताडपत्री, पश्चिमेचे ऊन थेट काचेतून आत.

२०२३ च्या भाऊबीजेला फोनवर ताईने चंद्राची हकीकत सांगितली आणि मग जरा थांबून म्हणाली, "पेपरात वाचले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली म्हणे. आपली आहे का रे अजून?"

बातमी खरी होती. आमच्या अकराशेचीच धाकटी आवृत्ती म्हणजे पद्मिनी. १९७४ मध्ये गाडीने हे नाव घेतले आणि पुढे पंचवीसएक वर्षे ती तयार होत राहिली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली.

"आहे," मी म्हणालो. आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

गाडी चालती करण्याची कथा दुसऱ्या एखाद्या अंकाला पुरेल. टायर, ब्रेक, कार्ब्युरेटर, पेट्रोलच्या टाकीतला गंज, आणि हे सारे झाल्यावर परिवहन कार्यालयातली रांग. सहा-सात महिने गेले आणि कागदपत्रांसह इंजिन उभे राहिले. दरम्यान मी पासष्टाव्या वर्षी मोटार चालवण्याचे वर्गही केले. शिकवणारा पोरगा मला 'आजोबा' म्हणे. आता राहिले फक्त स्टिअरिंग.

त्यावर बाबांनी कधी काळी प्लॅस्टिकच्या दोरीने विणलेले कव्हर घातले होते. ते कापून काढले आणि मी चरकलो. कडे ठिकठिकाणी आडवे चिरले होते. मोजले, चौदा तडे. जिथे आरा कड्याला मिळतो तिथले दोन तर एवढे रुंद की त्यांतून आतले गंजलेले लोखंड दिसत होते. गॅरेजचा फिटर म्हणाला, "नवे कव्हर घालून टाका, कोण बघतो?" मी म्हटले, आपणच बुजवू. बाजारातून लांबी आणली, सुरीने तड्यांवर थापली, वरून रंगही फासला. लांबून चाक नवे दिसू लागले. आठव्या दिवशी आवारातल्या आवारात गाडी वळवताना त्यातली एक खपली निघाली आणि माझ्या तळहातात घुसली.

म्हणून हा चोर बाजार.

ग्रँट रोड स्टेशनावर उतरून मौलाना शौकत अली रस्त्याने दो टाकीच्या दिशेने चालू लागावे. वाटेत फर्निचरवाले, मग पत्र्याच्या पेट्या, मग लोखंडी सामान, आणि नळ बाजाराचा गलका कानावर येऊ लागला की आपण योग्य वाटेवर आहोत असे समजावे. मटण स्ट्रीट ही चोर बाजाराची खास गल्ली. मूळ नाव 'शोर बाजार', इंग्रजांच्या जिभेवर त्याचा 'चोर' झाला, अशी एक कथा सांगतात. खरी असो नसो, गल्लीतला शोर मात्र अजून अस्सल आहे. शेजारी भेंडी बाजाराच्या जुन्या चाळी पाडून उंच मनोरे उठले आहेत. त्यांच्या सावलीत ही गल्ली आपला संसार मांडून बसली आहे.

मी गेलो तो नेमका शुक्रवारी, गणपती विसर्जनानंतरच्या. शुक्रवारी इथली पक्की दुकाने बंद असतात आणि सगळा बाजार रस्त्यावर उतरतो. पहाटेपासून चादरी अंथरलेल्या. एका चादरीवर ग्रामोफोनचा कर्णा, जहाजावरचे पितळी कंदील, कुणाच्या तरी लग्नातला फोटो, डोळे नसलेली बाहुली. दुसरीवर बंद पडलेली घड्याळे. प्रत्येकात वेगळी वेळ. आणि मग ज्यासाठी मी आलो होतो तो माल: मोटारींची अंगे. दिवे, चाकांच्या चकचकीत टोप्या, दरवाजांच्या मुठी, वेग दाखवणाऱ्या तबकड्या. टॅक्सी मोडीत निघाल्या तरी त्या पूर्णपणे नाहीशा होत नाहीत, हे तिथे कळते. मुंबईला आयुष्यभर वाहून नेलेल्या गाड्या इथे तुकड्या-तुकड्यांनी विसावलेल्या असतात.

एका विक्रेत्याने मला स्टिअरिंग काढून दाखवले. काळे, गुळगुळीत, अखंड. "अस्सल आहे, शेठ. घासाघीस नको." मी हातात घेतले. चांगले होते, पण पद्मिनीचे होते, आणि काळे होते. मी पिशवीतून आमचे चिरलेले चाक काढून त्याच्यापुढे धरले. त्याने ते उलटेसुलटे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि धंद्याला न शोभणारे वाक्य बोलला. "हे टाकू नका. मागल्या गल्लीत मिस्त्री आहेत, त्यांना दाखवा."

मिस्त्रींचे दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. दोन माणसे आत बसली तर तिसऱ्याने बाहेरून बोलायचे. भिंतीवर खुंट्यांना स्टिअरिंगे टांगलेली, देवळात घंटा टांगाव्यात तशी. मिस्त्री सत्तरीचे, मूळचे रत्नागिरीकडले, त्यामुळे बोलणे मराठीतच. चाक हातात घेऊन त्यांनी आधी माझी लांबी नखाने उचकटली.

"ही कुणी भरली?"

"मीच."

"वाटलंच," ते म्हणाले आणि पुढे काही बोलले नाहीत. पण त्या एका शब्दात सगळे आले.

मग त्यांनी चाक दोरीला टांगून लहान हातोडीने ठिकठिकाणी वाजवून पाहिले, आरे पिळून पाहिले, सांध्यांवर भिंग धरले. वरचे प्लॅस्टिक फुटले तर चालते. आतले पोलादी कडे किंवा त्याचा जोड फुटला असेल तर चाक भंगारात द्यायचे, हा त्यांचा पहिला नियम. घाटात हातात निघून आलेले चाक कितीही देखणे असले तरी काय कामाचे? आमचे पोलाद शाबूत होते. माझा जीव भांड्यात पडला.

"हे असे चिरले कशाने?" मी विचारले.

"उन्हाने. आणि बसून राहिल्याने."

त्यांनी मग समजावून सांगितले. जुन्या स्टिअरिंगमध्ये आत पोलादाचे कडे असते आणि त्यावर ओतलेले कवच. लोक सरसकट त्याला बेकेलाइट म्हणतात. पण बहुतेक वेळा ते कडक रबर असते, नाही तर सेल्युलोजपासून केलेले प्लॅस्टिक. उन्हात दोन्ही तापतात, पण प्लॅस्टिक पोलादाच्या कित्येक पट फुगते आणि रात्री तितकेच आखडते. शिवाय त्याला लवचीक ठेवणारी द्रव्ये वर्षानुवर्षे उडून जातात आणि ते कायमचे आक्रसते. घरी येऊन मी हिशेब केला. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा घेर सव्वाशे सेंटिमीटर. कवच शेकडा एक आक्रसले तरी सव्वा सेंटिमीटरची तूट. आतले पोलाद तसूभर मागे सरत नाही. मग ती तूट भरून निघते ती तड्यांनी. तड्यातून दमट हवा आत गेली की पोलाद गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि तडा आणखी फाकतो.

"मग आता?"

"आता हे तडे बुजवायचे तर आधी मोठे करायला लागतील."

मला वाटले, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण मिस्त्रींनी करवतीचे पाते उचलले आणि माझ्यादेखत सर्वांत बारीक तड्यात घातले. अंगावर काटा आला. केसासारखी फट होती, तिची त्यांनी त्रिकोणी कानशीने चांगली खाच केली, थेट पोलादापर्यंत. "वरवर भरले की ते नुसते चिकटून बसते, धरत नाही. खाली गंज तसाच राहतो. आठ दिवसांनी हातात येणार. तुमच्या आले ना?"

मी तळहात मिटून घेतला.

पुढे तीन आठवडे मी दर दोन-चार दिवसांनी तिथे जात राहिलो. काम त्यांचे, पण मला घरी बसवेना. चाक प्रथम साबणाच्या पाण्याने धुतले. थिनर लावायचा तर तो आधी मागल्या, न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून पाहिला, कारण काही जुनी प्लॅस्टिके त्याने विरघळतात. चौदाही खाचांतला गंज तारेच्या ब्रशाने खरवडून पोलाद उजळ केले. मग दोन भागांची एपॉक्सी लांबी, दोन्ही भाग सारखे घेऊन एकरंगी होईपर्यंत मळलेली. पत्र्याची साधी लांबी इथे ठिसूळ पडते. खाचेत ती अंगठ्याने दाबून, हवा राहू न देता, थोडी वर येईल इतकी भरली. दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. मग घासणे. काचपेपरची पट्टी कड्याभोवती गुंडाळायची आणि बूट पुसतात तशी दोन्ही टोके धरून ओढायची. आधी ८० नंबर, मग २२०, मग ४००, शेवटी पाण्यात भिजवून ६००. एक दिवस त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. पाऊण तासाने खांदे भरून आले तेव्हा त्यांनी विचारले, "आता कळतंय का, पैसे कशाचे?"

रंगाचा प्रश्न आला. बारा वर्षांच्या उन्हाने आमची मलई चहाच्या रंगाची झाली होती. मूळ छटा कुठली आणायची? मिस्त्रींनी मधली हॉर्नची टोपी काढली. तिच्याखाली, जिथे ऊन कधी पोचलेच नव्हते, तिथे नखाएवढ्या जागेत १९६६ चा रंग जसाच्या तसा होता. मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो.

एका ठिकाणी मात्र माझे नि मिस्त्रींचे जमले नाही. चाकाच्या डाव्या बाजूला, वरच्या अंगाला, एक जागा किंचित खोलगट झाली होती. बाबांचा अंगठा, मग ताईचा अंगठा, अशी दोघांनी झिजवलेली. मी म्हटले, "एवढे राहू द्या."

"का?"

मी कारण सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "साहेब, तिथे कवच पातळ झालंय. तसंच ठेवलं तर पहिला तडा तिथूनच जाईल. गाडी चालवायची की देव्हाऱ्यात ठेवायची, ते ठरवा."

मी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितले, "भरा."

अस्तर, त्यातून दिसलेली टाचणीच्या टोकाएवढी भोके पुन्हा भरणे, पुन्हा घासणे, आणि मग तोंडाला मोठा मुखवटा बांधून फवारलेला दोन भागांचा पीयू रंग. दसऱ्याच्या दिवशी चाक घरी आले. काढताना दांड्यावर आणि चाकाच्या तुंब्यावर खुणेची रेघ ओढून ठेवली होती. ती रेघ जुळवून फिटरने ते बसवले, नट आवळला. झेंडूचा हार घालताना बायको म्हणाली, "आता तरी फोन करा." मी म्हटले, "फोन नाही. जातोच."

भाऊबीज रविवारी होती, ३ नोव्हेंबरला. पहाटे साडेपाचला निघालो. शीव, चेंबूर, वाशीचा पूल. लहानपणी हा पूल नव्हता. ठाणे, मुंब्रा, पनवेल असा वळसा घालून जावे लागे आणि पनवेलला न चुकता बाबा गाडीला पाणी पाजत. पनवेलनंतर मी जुना रस्ता धरला. २००२ पासून द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आहे आणि त्यावरून लोक पुण्याला जातात म्हणण्यापेक्षा फेकले जातात. आमची गाडी १०८९ सीसीची. तिला आणि मला कुणी फेकून घेण्यात रस नव्हता.

खोपोली सोडली आणि घाट आला. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन धापा टाकू लागले. आजच्या गाड्यांत स्टिअरिंग बोटाने फिरते. इथे प्रत्येक वळण खांद्यातून काढावे लागते. हात नव्या रंगावर होते, पण वळणावर जोर दिला की आतले जुने पोलाद तळव्याला कळत होते. शिंग्रोबाच्या देवळाशी थांबलो. इंग्रज इंजिनिअरांना बोरघाटाची वाट दाखवणारा हा धनगर, असे सांगतात. वाट सापडल्याबद्दल गाड्यावाले अजून त्याला नाणे टाकतात. मीही टाकले. माझी वाट मला बारा वर्षांनी सापडत होती. वर गेल्यावर सवयीने अमृतांजन पुलासाठी मान वर केली. १८३० चा तो पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. वर आभाळ तेवढे होते.

ताई दारातच उभी होती. आवाज तिने गल्लीच्या तोंडापासून ओळखला होता. सत्तरी गाठलेली, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. ती माझ्याकडे न येता गाडीकडे गेली.

औक्षणाचे ताट आले. मी पाटावर बसण्याआधी म्हणालो, "ताई, आधी एक बोलायचे आहे. बाबा गेल्यावर गाडीविषयी मी जे बोललो ते चूक होते. वाईट होते. आणि तसे बोलून वर मी ती उन्हात कुजवली."

ती निरांजनाची वात सारखी करत राहिली. मग म्हणाली, "मला ते वाक्य पाठ आहे. तुला आठवत नसेल, असे मी बारा वर्षे स्वतःला सांगत होते."

"आठवते."

"बस आता. तेल संपेल."

तिने ओवाळले. ताटात मी पाकीट ठेवले नाही. गाडी नावावर करण्याचे कागद ठेवले, नमुना २९ आणि ३०, माझ्या सह्यांसकट. तिने चष्मा लावून ते सारे वाचले आणि पहिला प्रश्न विचारला तो अस्सल पुणेरी. "ठेवायची कुठे?"

मी म्हटले, "सावलीत."

दुपारी ती किल्ली घेऊन खाली आली. चालकाच्या जागी बसली, दोन्ही हात चाकावर ठेवले. डावा अंगठा वरच्या अंगाला सरकला, थांबला, पुढेमागे फिरून काहीतरी शोधू लागला. मी बाजूला बसलो होतो. मिस्त्रींची सगळी हकीकत सांगून टाकली; तडे मोठे केल्याचीही, आणि ती जागा भरायला मीच हो म्हटल्याचीही.

ताई थोडा वेळ गप्प बसली. मग अंगठा तिथेच टेकवून म्हणाली, "बरे झाले. पुन्हा झिजवायला जागा झाली."

आणि गिअर टाकून तिने गाडी अशी काही बाहेर काढली की मी नकळत दाराची मूठ धरली. "घाबरतोस काय," ती म्हणाली, "मागे बसून सूचना ऐकायची सवय आहे ना तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डेक्कन क्वीनने परत आलो. एका हातात फराळाचा डबा, दुसऱ्या हातात काही नाही. घाटात गाडी बोगद्यात शिरली तेव्हा पाहिले, तळहातावरचा खपलीचा व्रण पुसट झाला होता.